दोन रंग आणि सहा फाइली

शनिवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला. "अरे, अक्षरं गेली."

मला वाटलं, डोळे. बाबांना काचबिंदू आहे आणि 'गेली' हा शब्द आमच्या घरी हल्ली जपून वापरला जातो. दोन सेकंद माझ्या तोंडून काही फुटेना. मग तेच म्हणाले, "स्क्रीनवरची रे. नोंदी लिहायचा तो प्रोग्राम आहे ना, त्याचं पान पांढरं झालंय आणि त्यावर काही दिसतच नाही. आणि पीडीएफचा जो आहे, त्यात अक्षरं आहेत, पण तो डोळ्यांत टॉर्च मारल्यासारखा झगझगतोय. तू सकाळी ते अपडेट करायला लावलंस ना, तेव्हापासून."

बाबा साताऱ्याला असतात. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहेत आणि घरी बसून मुद्रितशोधनाचं काम करतात. काचबिंदूत नुसती कडेची नजर कमी होते असं आपल्याला वाटतं, पण त्यांचा रोजचा त्रास वेगळाच आहे. पांढरा झगमगाट सहन होत नाही आणि जवळजवळचे रंग एकमेकांत मिसळून जातात. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "रंग कोणते ठेवू?" त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "फळ्यासारखं कर."

गडद हिरवा फळा, त्यावर किंचित पिवळट खडू. मी आकडे बसवले. फळा ३१, ५१, ४३. खडू २४०, २३०, २००. लाल, हिरवा, निळा या क्रमाने. दोन रंगांमधला कॉन्ट्रास्ट मोजायचं एक ठरलेलं सूत्र आहे. वेबचे निकष ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ इतका फरक मागते. बाबांची जोडी १०.८ : १ च्या आसपास जाते. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. आयुष्यभर ज्या रंगांत लिहिलं ते त्यांनी मागितले आणि ते सूत्रात चोख बसले.

त्या शनिवारी नोंदींच्या प्रोग्रामने काय केलं, तर खडू ठेवला आणि फळा काढून घेतला. पिवळट अक्षरं, खाली पांढरं पान. हा फरक येतो १.२५ : १. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिल्यासारखं. पीडीएफच्या प्रोग्रामने खडू आणि फळा दोन्ही काढून घेतले आणि स्वतःचा पांढराशुभ्र कागद समोर धरला.

बाबांनी फोन ठेवण्याआधी एक प्रश्न विचारला. हा सगळा लेख त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची धडपड आहे. ते म्हणाले, "मी रंग एकदा सांगितले होते ना? मग परत परत का सांगायचे?"

टूलकिट नावाचा रंगारी

हा लेख तुम्ही बहुतेक फोनवर वाचताय. फोनवर रंगांचा प्रश्न एका बटणात संपतो. उजेड किंवा अंधार. २०१९ साली अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ ने ते बटण अख्ख्या फोनसाठी दिलं आणि आपण खूश झालो. तरीही रात्री एक वाजता अंधारात स्क्रोल करताना एखादं अ‍ॅप अचानक पांढऱ्या पानाने थोबाडीत मारतं, हा अनुभव तुम्हाला असेलच. त्या थोबाडीत मारण्यामागे जे आहे, तेच बाबांच्या लॅपटॉपवर आहे. फक्त डेस्कटॉपवर त्याचा इतिहास जास्त लांब आणि जास्त लाजिरवाणा आहे.

संगणकावरचा प्रोग्राम स्वतः बटणं, खिडक्या, मेनू, अक्षरं रंगवत बसत नाही. ते काम तो टूलकिटवर सोपवतो. टूलकिट म्हणजे तयार भागांचा संच. 'इथे एक बटण ठेव' एवढंच प्रोग्राम सांगतो. ते बटण कसं दिसेल, कोणत्या रंगाचं असेल हे टूलकिट ठरवतं. लिनक्सच्या जगात अशी दोन मोठी घराणी आहेत. एक जीटीके, जी गिम्प या चित्रं करायच्या प्रोग्रामसाठी जन्माला आली. दुसरी क्यूटी, नॉर्वेतली. केडीई हा अख्खा डेस्कटॉप क्यूटीवर उभा आहे.

आता गंमत अशी की टूलकिटची नवी आवृत्ती आली म्हणून जुनी संपत नाही. क्यूटी ६ आणि जीटीके ४ दोन्ही डिसेंबर २०२० मध्ये, आठवड्याभराच्या अंतराने बाहेर पडल्या. पण त्यांच्या आधीच्या आवृत्त्यांवर लिहिलेले हजारो प्रोग्राम जागेवरच होते. ते नव्या आवृत्तीवर न्यायचे तर माणसांचे महिने, कधी वर्षं जातात. किती वर्षं? ज्या गिम्पसाठी जीटीके जन्मली, तो गिम्प जीटीके २ वरून जीटीके ३ वर आला मार्च २०२५ मध्ये. जीटीके ३ फेब्रुवारी २०११ ची. म्हणजे जीटीके ४ येऊन चार वर्षं झाल्यावर जीटीकेचं स्वतःचं माहेर जीटीके ३ वर पोहोचलं. यात गिम्पवाल्यांना दोष नाही. मोठ्या प्रोग्रामचं स्थलांतर असंच असतं.

अर्थ एवढाच की तुमच्या-माझ्या संगणकावर एका वेळी चार-पाच पिढ्यांची टूलकिटं नांदत असतात. एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी. हा अपघात नाही. डेस्कटॉपची ही नेहमीची, निरोगी अवस्था आहे. आणि टूलकिट लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते.

एका रंगाची पाच नावं

तर बाबांचे दोन रंग या सगळ्या पिढ्यांना कसे कळवायचे?

जीटीके २ साठी घरच्या फोल्डरमध्ये एक लपवलेली फाइल असते. तिथे खिडकीच्या पार्श्वभूमीला 'बीजी कलर' म्हणतात. जीटीके ३ साठी दुसऱ्या फोल्डरमध्ये दुसरी फाइल, तीही वेगळ्या भाषेत, वेबवरच्या सीएसएससारखी. तिथे त्याच रंगाचं नाव 'थीम बीजी कलर'. जीटीके ४ साठी तिसरी फाइल. प्रोग्रामने लिबअद्वैता ही वरची लायब्ररी वापरली असेल, तर नाव पुन्हा बदलतं, 'विंडो बीजी कलर' होतं. क्यूटीत त्याला नुसतं 'विंडो' म्हणतात. केडीईत 'बॅकग्राउंड नॉर्मल'. हिरवा फळा एक, नावं पाच.

क्यूटीची कथा आणखी वेगळी. क्यूटी ४ सोबत रंग बदलायचा एक छोटा प्रोग्राम मिळायचा. क्यूटी ५ मध्ये तो काढून टाकला. तुम्ही केडीई वापरत नसाल तर रंग सांगायला अधिकृत जागाच उरली नाही. मग बाहेरच्या कोणीतरी ती उणीव भरून काढणारा प्रोग्राम लिहिला, त्याची स्वतःची फाइल आली. क्यूटी ६ साठी पुन्हा तसाच वेगळा प्रोग्राम, पुन्हा वेगळी फाइल. शिवाय हे प्रोग्राम वापरायला क्यूटीला भाग पाडायचं तर एक पर्यावरणचल लिहावं लागतं. साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकाने ते कुठे लिहावं अशी यांची अपेक्षा आहे, देव जाणे.

बाबांच्या लॅपटॉपवर मी ही मोजदाद केली. जीटीकेच्या तीन, क्यूटीच्या दोन आणि टूलकिटांच्याही आधीच्या काळातल्या एक्स विंडोच्या पद्धतीने चालणाऱ्या एका जुन्या शब्दकोशासाठी एक. दोन रंग, सहा फाइली. मी एक स्क्रिप्ट लिहिली, जी दोन रंग घेते आणि सहाही फाइली भरते. ती चालते. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. खरं सांगायचं तर शरम वाटते, कारण माझ्यासारखी स्क्रिप्ट लिहिणारा मुलगा प्रत्येक बाबांना नसतो.

त्यात सगळ्यांत जुनी पद्धत सगळ्यांत साधी निघाली, हे मला विशेष झोंबलं. एक्स विंडोच्या त्या जुन्या पद्धतीत एका ओळीत लिहायचं की 'सगळ्यांची पार्श्वभूमी अमुक', आणि तसं वागणारे प्रोग्राम ते ऐकायचे. दिसायला ते ओबडधोबड होते. पण सांगितलेलं ऐकायचे.

त्यांची बाजू, जी अर्धी खरी आहे

आता समोरच्या बाजूला काय म्हणायचंय ते नीट ऐकू, कारण ते मूर्ख नाहीत.

जीटीके ३ च्या काळात लोक नुसते रंग बदलत नव्हते, अख्खी थीम बदलत होते. थीम म्हणजे सीएसएसची हजारो ओळींची फाइल. त्यात बटणाची जाडी, कोपऱ्यांची गोलाई, दोन ओळींतलं अंतर, सगळं असायचं. ती बाहेरच्या माणसाने लिहिलेली, आणि टूलकिट आतून बदललं की मोडणारी. मार्च २०१६ मध्ये जीटीके ३.२० आली तेव्हा आतल्या घटकांची नावनिशाणीच बदलली आणि आधीच्या थीम धडाधड पडल्या. लोकांनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे तक्रारी केल्या की तुमचं बटण दिसत नाही. त्या बिचाऱ्यांनी ती थीम कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

२०१९ साली अशा काही प्रोग्रामकर्त्यांनी लिनक्स वितरणांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. आमच्या प्रोग्रामवर परस्पर तुमची थीम चढवू नका, असं त्यात म्हटलं होतं. स्वतःच्या मशीनवर स्वतः खटपट करणाऱ्यांबद्दल आमची तक्रार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. ते पत्र मी दोनदा वाचलंय. मी त्यांच्या जागी असतो तर सही केली असती. मी लिहिलेल्या घरावर कोणीतरी रातोरात दुसराच दरवाजा बसवणार आणि दरवाजा उघडत नाही म्हणून लोक मला शिव्या देणार, हे कोण सहन करेल?

पण त्या रास्त तक्रारीतून जो निष्कर्ष निघाला, तिथे माझं भांडण सुरू होतं. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस लिबअद्वैताची पहिली आवृत्ती आली. ती वापरणारा प्रोग्राम तुम्ही निवडलेल्या थीमकडे बघतच नाही, स्वतःचीच घेऊन येतो. फाइलीत हाताने रंग लिहून अजूनही काही बदलता येतं, मी बाबांसाठी तेच करतो, पण ते उद्याही चालेल याची हमी कोणी देत नाही. आणि रंग? थीमसोबत रंगही गेले. मोरीतलं पाणी फेकताना बाळही फेकलं, ही म्हण आपल्याकडे नाही; आपल्याकडे सुक्याबरोबर ओलंही जळतं. इथे थीम सुकी होती. रंग ओला होता.

थीम आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या हुशार माणसांना कळत नाही असं नाही. थीम म्हणजे घराची बांधणी. ती बदलली तर घर पडू शकतं. रंग म्हणजे फार तर पंधरा-वीस आकड्यांची यादी. खिडकीची पार्श्वभूमी आणि तिच्यावरची अक्षरं. यादीची पार्श्वभूमी आणि तिच्यावरची अक्षरं. बटणाची, निवडलेल्या ओळीची. बदलले म्हणून कुठलं बटण हलत नाही, कुठला मजकूर कापला जात नाही. मी थीमचा हट्ट धरत नाही. बाबांना बटणाच्या गोलाईशी काही देणंघेणं नाही. त्यांना वाचायचंय.

याच्या बदल्यात आपल्याला काय दिलं? वेगवेगळ्या डेस्कटॉपांनी मिळून एक समान जागा ठरवली, जिथे प्रोग्राम विचारू शकतो की 'या माणसाला काय आवडतं?' कल्पना उत्तम. उत्तरं मात्र तीनच आहेत. शून्य म्हणजे काही पसंती नाही, एक म्हणजे अंधार, दोन म्हणजे उजेड. पुढे त्यात कॉन्ट्रास्ट जास्त हवा का, हे आलं. ठळक छटेचा एक रंगही आला. सप्टेंबर २०२४ मध्ये नोम ४७ ने तो निवडायला नऊ पर्याय दिले: निळा, मोरपिशी, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, गुलाबी, जांभळा आणि पाटीचा करडा. हे नऊ रंग बटणांना आणि निवडीला लागतात. मजकूर कोणत्या रंगाचा आणि तो कशावर लिहायचा, हे विचारायची सोय अजून त्यात नाही. म्हणजे दागिने निवडा, लुगडं आम्ही ठरवू.

जमतं, हे केडीईने दाखवलंय

'टूलकिट बदललं की असं होणारच' हे वाक्य मी ऑफिसात, मित्रांत, सगळीकडे ऐकलंय. ते खोटं आहे आणि पुरावा समोर आहे.

जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ आलं, क्यूटी ४ वर. त्याने रंगांची एक साधी फाइल ठरवली. 'खिडकी', 'मजकूर', 'बटण', 'निवड' अशी प्रकरणं आणि प्रत्येकात पार्श्वभूमी, अक्षरं असे रंग, प्रत्येकी तीन आकडे. पुढे क्यूटी ५ आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ सोबत केडीई क्यूटी ६ वर गेलं. फाइलची जागा बदलली, मधल्या काळात नवीन प्रकरणं आली, पण जुन्या प्रकरणांची नावं तीच राहिली. टूलकिटच्या तीन पिढ्या आणि सोळा वर्षं. खिडकीच्या पार्श्वभूमीला तेव्हा जे म्हणायचे तेच आजही म्हणतात. शिवाय केडीई आपले रंग जीटीकेच्या फाइलींमध्येही लिहून देतं. शेजाऱ्याच्या घरात पाणी भरून देण्यासारखं. शेजारी ते पितो की नाही, हा त्याचा प्रश्न.

क्यूटीकडूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ६.६ या आवृत्तीत तिच्या रंगांच्या यादीत एका नव्या नावाची भर पडली, त्याच ठळक छटेसाठी. ज्याने आपले रंग आधीच ठरवलेत त्याच्याकडे हे नवं नाव नसणार. मग काय होतं? क्यूटी तिथे निवडीचा रंग वापरते. जुन्या माणसाचं काही बिघडत नाही. एवढंच तर करायचं असतं. नवं नाव आणा, पण ते कोणी भरलं नसेल तर जुन्या सांगण्यावरून काढा. त्याला परत विचारू नका, आणि मनाने पांढरं तर अजिबात भरू नका.

आणि पैशाचा, स्वयंसेवकांचा मुद्दाही इथे टिकत नाही. विंडोज ही जगातली अतिश्रीमंत कंपनी बनवते. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक भागाचा रंग बदलता यायचा. लाल-पिवळी 'हॉट डॉग स्टँड' ही कुप्रसिद्ध रंगसंगती त्यातलीच. विंडोज ८ मध्ये तो रंग बदलायचा जुना चौकोन काढून टाकला. आज विंडोजवर तुम्ही सगळीकडे अंधार निवडा. जुना प्रोग्राम जेव्हा जुन्या पद्धतीने व्यवस्थेला विचारतो की 'खिडकीचा रंग कोणता?', तेव्हा उत्तर उजेडाचंच मिळतं. म्हणून अंधाऱ्या पडद्यावर मधूनच एखादी पांढरी खिडकी उगवते. प्रश्न विचारायची वाट बंद केली नाही, फक्त उत्तर खरं देणं थांबवलं. तेव्हा 'फुकटचं सॉफ्टवेअर आहे, काय तक्रार करता' हे मला सांगू नका. हा कुवतीचा प्रश्न नाही. माणसाने सांगितलेला रंग हा आपल्यावर बंधनकारक आहे असं मानायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

माझा वाटा

इथपर्यंत मी टूलकिटवाल्यांना झोडपलं. आता स्वतःकडे यायला हवं, कारण बाबांच्या दोन तक्रारींपैकी पहिली, म्हणजे अक्षरं गायब होण्याची, टूलकिटची चूक नव्हतीच. ती माझ्यासारख्या कोणाची तरी होती.

इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलो तेव्हा मी ऑफिसच्या आतल्या वापरासाठी एक प्रोग्राम लिहिला. त्यात एक तक्ता होता. एकाआड एक ओळी वेगळ्या दिसाव्यात म्हणून मी त्यांची पार्श्वभूमी पांढरी केली. हॅशपुढे सहा वेळा एफ. अक्षरांना हात लावला नाही, ती टूलकिट काळी दाखवतच होतं. माझ्या मशीनवर सुंदर दिसत होतं. महिन्याभराने एका सहकाऱ्याने विचारलं की तुझ्या तक्त्यात एकाआड एक ओळी रिकाम्या का आहेत? त्याचा डेस्कटॉप अंधारा होता. टूलकिटने इमानाने त्याची पांढरी अक्षरं पाठवली होती आणि मी ती पांढऱ्यावर लिहिली होती.

मी त्याला काय उत्तर दिलं असेल? "लाइट मोड वापर ना." हे वाक्य मी बोललोय. तीन महिने तो सहकारी फक्त माझ्या प्रोग्रामसाठी आपला पडदा उजळ करत होता.

बाबांच्या नोंदींच्या प्रोग्रामची फाइल मी त्या शनिवारी रात्री उघडून पाहिली. तीच चूक. नव्या आवृत्तीत कोणीतरी पानाची पार्श्वभूमी स्वतः पांढरी केली होती आणि अक्षरांचा रंग वापरणाऱ्यावर सोडला होता. जोडीतला एक स्वतः ठरवला, दुसरा दुसऱ्याकडून घेतला. यावरचा उपाय माझ्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी पाळत नाही: रंग ठरवायचे तर दोन्ही ठरवा, नाहीतर एकही नको. लग्नातल्या जेवणासारखं आहे. भात यजमानाचा आणि वरण पाहुण्याने घरून आणायचं, असं कोणी करतं का?

आपण हे का करतो, तर आपण आपला प्रोग्राम एकाच पडद्यावर बघतो. आपल्या. पंचविशी-तिशीतले धडधाकट डोळे, महागडा मॉनिटर, दिलेला मूळचा रंग. डिझाइन करणाऱ्याने पाठवलेल्या चित्राशी जुळलं की काम संपलं. त्या चित्राला 'ब्रँड' म्हणतात आणि ब्रँडचा रंग बदलायचा अधिकार वापरणाऱ्याला असतो, हे वाक्य मी आजवर एकाही मीटिंगमध्ये ऐकलेलं नाही.

मागणं फार नाही

मी टीका करून पळणारा नाही, म्हणून काय हवंय ते लिहितो.

एक. सगळ्या डेस्कटॉपांनी मिळून जी समान जागा ठरवली आहे, तिथे उजेड-अंधारापलीकडे रंगांच्या जोड्यांची छोटी यादी असावी. पार्श्वभूमी आणि अक्षरं नेहमी जोडीने. ज्याने काही सांगितलं नाही त्याला तुमचे मूळचे रंग द्या, आमचं काही म्हणणं नाही. ज्याने सांगितलं त्याचं ऐका.

दोन. टूलकिटची नवी मोठी आवृत्ती काढताना बाकी काहीही मोडा, ही यादी मोडू नका. नाव बदलायचंच असेल तर जुनं नाव ओळखणं चालू ठेवा. पाच नावांचा तक्ता माझ्या चाळीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये मावतो. तो तुमच्या लाखो ओळींमध्ये मावणार नाही, हे मला पटत नाही.

तीन, आणि हे आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. प्रोग्राम बाहेर सोडण्याआधी एकदा तो हॉट डॉग स्टँडमध्ये उघडा. लाल, पिवळा, काळा, जितकं भयानक तितकं चांगलं. जिथे जिथे भयानक दिसणार नाही, तिथे तिथे तुम्ही रंग हाताने लिहून ठेवलाय. मी गेल्या महिन्यात माझ्या सध्याच्या कामावर हा प्रयोग केला. अकरा ठिकाणं सापडली. त्यातली चार माझी स्वतःची, दोन मागच्याच आठवड्यातली. तीन महिने उजळ पडदा सोसलेल्या सहकाऱ्याची गोष्ट मी लोकांना किस्सा म्हणून सांगत असतानाच मी ती परत लिहीत होतो.

कोणी म्हणेल, असे किती लोक आहेत ज्यांना स्वतःचे रंग लागतात? माझ्याकडे आकडा नाही आणि मला तो नकोही आहे. चाळिशीनंतर चष्मा, साठीनंतर मोतीबिंदू, हे ज्यांच्या घरात घडलेलं नाही त्यांनी हात वर करावा. आज जो मुलगा सव्वीसाव्या वर्षी हॅशपुढे सहा एफ लिहितोय, त्यालाच एक दिवस ते वाचायचंय.

अपडेट

त्या रात्री मी दूरून बाबांच्या लॅपटॉपवर शिरलो. स्क्रिप्टमध्ये दोन नवीन नावं टाकली, पीडीएफचा प्रोग्राम हिरवा झाला. नोंदींच्या प्रोग्रामला मात्र स्क्रिप्ट पुरली नाही. त्याची मागची आवृत्ती परत आणली आणि ती पुन्हा बदलणार नाही अशी सोय केली. बारा वाजून गेले होते. बाबा जागेच होते, सोमवारपर्यंत चाळीस पानांची मुद्रितं द्यायची होती.

"दिसतंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता पुन्हा अपडेट करू नकोस हं."

मी त्यांना समजावलं की अपडेटमध्ये नुसते रंग नसतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. त्यांचं बँकेचं काम याच लॅपटॉपवर चालतं. आज ना उद्या काहीतरी घुसेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शाळेत वात्रट मुलाचं कारण ऐकून घ्यायचे तसं.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण चोर येईल तेव्हा येईल. अक्षरं दर वेळी जातात."

चार महिने झाले. बाबांच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात अपडेटचा लाल ठिपका आहे. मी साताऱ्याला गेलो की तो मला दिसतो, आणि त्यावर बोट ठेवून 'बाबा, हे करा' म्हणायचा माझा धीर होत नाही. कारण ते विचारतील की रंग राहतील ना, आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणवणाऱ्या मला 'हो' म्हणता येणार नाही.